न्यूट्रलमध्ये ३३ अँपिअर की ५७? पोलर रूपांतरात हरवलेल्या चरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातलं एक खासगी वसतिगृह. 'अ' आणि 'ब' अशा दोन इमारती आणि मध्ये मीटररूम. मीटरपासून मेन पॅनलपर्यंत साडेतीन कोर अॅल्युमिनियम केबल आहे: फेजचे कोर ३५ चौरस मिमी, न्यूट्रल (परतीची तार) १६ चौरस मिमी. अशा केबलमध्ये न्यूट्रल मुद्दामच बारीक असतो. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल, तर न्यूट्रलमधून जवळपास काही वाहत नाही, हे त्यामागचं गृहीत. वसतिगृहात ते क्वचितच खरं ठरतं.

देखभालीचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याच्या डिप्लोमाधारक सुपरवायझरने हिवाळ्यात एक एक्सेल शीट तयार केली. दोन्ही इमारतींच्या डीबीवर (वीज वाटणाऱ्या पेटीवर) तिन्ही फेजचा (आर, वाय, बी) करंट आणि पॉवर फॅक्टर मोजायचा, शीटमध्ये टाकायचा, की मेन न्यूट्रलमधला करंट मिळतो. मेन पॅनल दर वेळी उघडावं लागू नये, एवढाच हेतू.

शीटची रचना अशी होती. प्रत्येक फेजचा करंट ही एक संमिश्र संख्या. आर फेजचा व्होल्टेज ०° वर, वाय −१२०° वर, बी +१२०° वर धरायचा आणि पॉवर फॅक्टरचा कोन, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे तो कोन, त्यातून वजा करायचा. मग आडवा घटक (कोसाइनचा) आणि उभा घटक (साइनचा) काढून तिन्हींची बेरीज. ही बेरीज म्हणजे त्या इमारतीचा न्यूट्रल करंट. तो पोलर रूपात, म्हणजे मापांक (बाणाची लांबी) आणि कोनांक (बाणाची दिशा) असा, एका ओळीत ठेवलेला. मेनचा न्यूट्रल काढताना शीट या दोन पोलर ओळी पुन्हा आडव्या-उभ्या घटकांत उलगडत होती, बेरीज करत होती आणि उत्तर परत पोलरमध्ये देत होती.

मधला हा पोलरचा टप्पा गरजेचा नव्हता. बेरीज आडव्या-उभ्या घटकांतच होते. पोलर रूप गुणाकार-भागाकाराला आणि वाचायला सोयीचं. पण '२५ अँपिअर, −१४°' हे पाहणाऱ्याला लगेच कळतं, म्हणून तेच साठवलं गेलं. पुढचा सगळा घोळ या जागेतून आत आला.

हिवाळ्यातली तपासणी

जानेवारीत शीट तपासून पाहिली होती. गिझरची सर्व सर्किटं आर फेजवर होती, त्यामुळे सकाळी आर जड. 'अ'ची बेरीज आडवी २४.६, उभी −६.२ म्हणजे २५.३७ ∠ −१४.१° (∠ च्या आधी मापांक, नंतर कोनांक). 'ब'ची आडवी १९.८, उभी ४.५ म्हणजे २०.३० ∠ १२.८°. मेन न्यूट्रल ४४.४ अँपिअर. पॅनल उघडून टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) लावला, तर ४६ आले. एवढा फरक चालतो. शीट बरोबर आहे असं ठरलं, आणि पॅनलचं झाकण बंद झालं.

अडचण

होळी झाली की नागपुरात कूलर बाहेर निघतात. एप्रिलअखेर खोलीखोलीत कूलर लागले. ही सर्किटं वाय आणि बी फेजवर होती. गिझर बंद झाल्याने आर मोकळा पडला. मे महिन्यात डीबीवर घेतलेले आकडे असे:

'अ' इमारत: आर १२ अँपिअर (पॉवर फॅक्टर ०.९५), वाय ३८ (०.८०), बी ४६ (०.८५).
'ब' इमारत: आर २० (०.९५), वाय १६ (०.९०), बी ४४ (०.८०).
सगळे लॅगिंग, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे.

शीटने उत्तर दिलं: 'अ' ३५.१३ ∠ −५१.०°, 'ब' ३०.५१ ∠ ६८.८°, मेन न्यूट्रल ३३.२ अँपिअर ∠ २°. म्हणजे हिवाळ्यापेक्षा कमी! दोन्ही इमारतींचे करंट वेगवेगळ्या दिशांचे असल्याने एकमेकांना खातात, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. ३५ आणि ३१ यांची सदिश बेरीज ४.६ पासून ६५.६ पर्यंत काहीही येऊ शकते, त्यामुळे ३३ हा आकडा डोळ्यांना खुपलाही नाही.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि दोन दिवसांत मीटररूममध्ये जळका वास येऊ लागला. वायरमनने पॅनल उघडलं, तर न्यूट्रल लिंकवरच्या लगजवळचं (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडजवळचं) इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं. टाँग टेस्टरवर ५८ अँपिअर. तापणं करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ३३ ऐवजी ५८ म्हणजे त्याच सांध्यावर तिप्पट उष्णता. त्यात केबलच्या क्षमतेचे तक्ते हवेचं तापमान ४०° धरून छापलेले असतात, आणि बंद मीटररूम मे महिन्यात त्याच्या कितीतरी वर जाते.

हा न्यूट्रल तुटला असता, तर पंखे-कूलर नुसते बंद पडून भागलं नसतं. न्यूट्रल सुटला की हलक्या फेजवरचा व्होल्टेज २३०-२४० वरून ४१५ च्या दिशेने चढतो. इथे हलका फेज आर, आणि मोबाइल चार्जर, टीव्ही, फ्रिज त्याच्यावरच.

पहिला संशय: हार्मोनिक्स

लग बदलून, सांधा घासून, नीट क्रिंप करून तात्पुरतं भागवलं. अर्थात पूर्ण सप्लाय बंद करून. मग प्रश्न उरला, ३३ आणि ५८ मध्ये फरक का?

सुपरवायझरचा अंदाज तिसऱ्या हार्मोनिकचा होता. एलईडी, चार्जर यांसारखी उपकरणं १५० हर्ट्झचा, म्हणजे पुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा, करंट काढतात आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये सरळ जमा होतो. ५० हर्ट्झच्या गणितात तो दिसत नाही. तत्त्व अगदी बरोबर. फिल्टरचं कोटेशन मागवण्यापर्यंत गोष्ट गेली.

वायरमन वयाने मोठा, त्याला ते पटेना. "भाऊ, टाँग टेस्टर काही खोटं बोलत नाही. तुमचा कागदच पाहा ना एकदा."

इथे निर्णयाची पहिली खरी जागा होती. हार्मोनिकचा संशय आकड्यांत तपासला असता, तर तो दहा मिनिटांत गळून पडला असता. वेगवेगळ्या वारंवारतेचे करंट वर्गांच्या बेरजेने जोडले जातात: ५८ चा वर्ग वजा ३३.१५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ४७.६ अँपिअर. म्हणजे दर फेजला सरासरी १६ अँपिअर तिसरा हार्मोनिक. आर फेजवर दोन्ही इमारती मिळून मुळात ३२ अँपिअर. त्यातले निम्मे हार्मोनिक? बहुतेक लोड कूलरच्या मोटरींचा असताना हे शक्य नाही. नंतर हा हिशोब झाला, तोपर्यंत दोन दिवस गेले होते.

आलेखाच्या कागदावर

कोडं सुटलं ते पेन्सिल आणि आलेखाच्या कागदाने. १ सेमीला ५ अँपिअर हे प्रमाण घेतलं. 'अ' इमारतीचे तीन करंट घटकांत मांडले:

आर: आडवा ११.४०, उभा −३.७५
वाय: आडवा −३४.९५, उभा −१४.९३
बी: आडवा १.४४, उभा ४५.९८
बेरीज: आडवा −२२.११, उभा २७.३०

म्हणजे आरंभबिंदूपासून ४.४ सेमी डावीकडे आणि ५.५ सेमी वर. बाण दुसऱ्या चरणात (अक्षांनी पाडलेल्या चार भागांपैकी वरच्या डाव्या भागात). शीट मात्र −५१° म्हणत होती, म्हणजे उजवीकडे खाली, चौथ्या चरणात. बाणाची लांबी तीच, दिशा बरोबर १८० अंशांनी उलटी.

शीटमध्ये कोनांकाचं सूत्र 'डिग्रीज(एटॅन(उभा/आडवा))' असं होतं. २७.३० ला −२२.११ ने भागलं की −१.२३५. आणि −२७.३० ला +२२.११ ने भागलं तरी −१.२३५. भागाकार झाला की ऋण चिन्ह वरचं होतं की खालचं, ही माहिती पुसली जाते. टॅन-व्यस्ताला ती परत आणता येत नाही. तो नेहमी −९०° ते ९०° मधलंच उत्तर देतो, म्हणजे उजवा अर्धा भाग. हिवाळ्यात आर जड असल्याने दोन्ही बेरजा उजवीकडेच पडत होत्या, म्हणून जानेवारीची तपासणी पास झाली. सूत्र तेव्हाही चुकीचंच होतं. कूलर लागेपर्यंत ते उघडं पडायला जागाच नव्हती.

'ब'ची बेरीज आडवी ११.०२, उभी २८.४५. पहिला चरण, त्यामुळे ६८.८° बरोबर. एक बाण उलटा आणि एक सरळ, म्हणून उत्तर बिघडलं. गंमत अशी, की दोन्ही बेरजा डाव्या अर्ध्यात असत्या, तर दोन्ही बाण उलटे झाले असते, मेनचा मापांक बरोबर आला असता आणि चूक आणखी एक हंगाम लपून राहिली असती.

कागदावरची खरी बेरीज: आडवी −११.०९, उभी ५५.७५. पट्टीने मोजलं तर ११.४ सेमी, म्हणजे ५७ अँपिअर. गणिताने ५६.८ ∠ १०१°. टेस्टरचे ५८ आणि हे ५६.८ यांच्यातल्या फरकाला ११-१२ अँपिअर हार्मोनिक पुरतो, दर फेजला चारेक अँपिअर. हे मात्र एलईडी-चार्जरच्या हिशोबात बसतं.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतल्या चुका

पहिली सूचना आली: कोन ऋण आला की १८० मिळवा. −५१ चे १२९ होतात, खूश. पण जानेवारीचे आकडे घालून पाहिले, तर −१४.१° चे १६५.९° झाले, जे साफ चूक. शिवाय तिसऱ्या चरणात आडवा आणि उभा दोन्ही ऋण, भागाकार धन, कोन धन. तिथे हा नियम हलतसुद्धा नाही आणि चूक जशीच्या तशी राहते. पाहायचं असतं ते आडव्या घटकाचं चिन्ह, कोनाचं नव्हे. आडवा धन असेल तर टॅन-व्यस्त तसाच ठेवा. आडवा ऋण आणि उभा शून्य किंवा धन, तर १८० मिळवा. दोन्ही ऋण, तर १८० वजा करा. आडवा शून्य असेल, तर भागाकारच होत नाही. उभ्याच्या चिन्हाप्रमाणे ९० किंवा −९०.

इतकं लिहिण्यापेक्षा 'एटॅन२' हे फंक्शन वापरायचं ठरलं, कारण ते दोन्ही घटक वेगवेगळे घेतं. इथे दुसरी चूक झाली. सी किंवा पायथॉनमध्ये या फंक्शनला आधी उभा घटक द्यायचा असतो, मग आडवा. एक्सेलमध्ये उलट: आधी आडवा, मग उभा. कॉलेजात सी शिकलेल्या हाताने इमारतींच्या दोन ओळींत सवयीप्रमाणे उभा आधी लिहिला; मेनच्या ओळीत अजून जुनं एटॅनच होतं. 'अ'चा कोन आला −३९°, 'ब'चा २१.२°, आणि मेन न्यूट्रल ५६.८ अँपिअर. मापांक अगदी बरोबर! घटकांची अदलाबदल म्हणजे सगळे बाण ४५° च्या रेषेत आरशासारखे उलटले; त्यांच्यातला आपापसातला कोन तोच राहतो, म्हणून बेरजेची लांबीही तीच. टेस्टरशी जुळलं म्हणून शीट त्याच संध्याकाळी मंजूर झाली असती.

थांबवलं ते मेनच्या कोनाने: −११°. न्यूट्रलच्या बेरजेचा बाण ढोबळमानाने जास्त लोड असलेल्या फेजकडे झुकतो. −११° म्हणजे आर फेजच्या दिशेला. पण आर तर सगळ्यात हलका, ३२ अँपिअर, आणि बी ९० च्या घरात. शीटवर विसंबून लोड हलवला असता, तर आरवरून काढून बीवर टाकला गेला असता. घटकांचा क्रम सुधारल्यावर आणि मेनच्या ओळीतही एटॅन२ घातल्यावर कोन १०१° आला. बीचे करंट ८३° ते ८८° च्या आसपास होते, म्हणजे बाण बीकडे, किंचित वायकडे कललेला. आता चित्र जुळलं.

फक्त मापांक पडताळून समाधान मानणं ही या प्रकरणातली सर्वांत महागात पडू शकणारी सवय होती. टाँग टेस्टर अँपिअर सांगतो, कोन सांगत नाही; कोन पडताळायला दुसरा पुरावा लागतो. इथे तो पुरावा म्हणजे फेजचे साधे आकडे.

कोणते पर्याय तोलले

हार्मोनिक फिल्टर बाद झाला. केबल बदलून पूर्ण न्यूट्रलची चार कोर टाकणं हा पक्का उपाय, पण त्यासाठी दिवसभर सप्लाय बंद ठेवावा लागला असता, तोही भर नवतप्यात, मुलांच्या परीक्षा चालू असताना. न्यूट्रलला समांतर एक वेगळी वायर ओढायची कल्पनाही निघाली. ती नाकारली, आणि ते योग्यच: एक सांधा ढिला झाला की सगळा करंट दुसऱ्यावर जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय फेजपासून लांब टाकलेल्या न्यूट्रलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र रद्द होत नाही, आजूबाजूचं लोखंड तापतं.

राहिला लोड हलवणं. तो आधी करायचा आणि केबलचा निर्णय नंतर घ्यायचा, असं ठरलं.

किती लोड हलवायचा, हे शीटवरच काढलं. एखादा कूलर बीवरून आरवर नेला, की बीच्या दिशेचा एक बाण वजा होतो आणि आरच्या दिशेचा जमा होतो. दोन्ही हिशोब करायचे असतात. नुसते अँपिअर वजा करून चालत नाही. ०.८० पॉवर फॅक्टरचे १२ अँपिअर 'अ'मध्ये हलवले, तर त्याची बेरीज आडवी −१३.९५, उभी ८.१९ होते. 'ब'मध्ये १४ अँपिअर हलवले, तर आडवी २०.५५, उभी ६.१५. मेनची बेरीज ६.६० आणि १४.३४, म्हणजे १५.८ अँपिअर.

काय घडलं

मजल्यागणिक टीपीएन डीबीमध्ये (तिन्ही फेज आणि न्यूट्रल असलेल्या पेटीत) कूलरच्या सर्किटांच्या बाहेर जाणाऱ्या वायरी बीच्या एमसीबीवरून आरच्या एमसीबीवर घेतल्या. साधारण एका कूलरला एक अँपिअर धरून 'अ'मध्ये बारा आणि 'ब'मध्ये चौदा खोल्या निवडल्या. एका मजल्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं, फक्त त्या मजल्याचा सप्लाय बंद करून. दुपारी तीन वाजता, सगळे कूलर चालू असताना, मेन न्यूट्रलवर टाँग टेस्टरने २० अँपिअर दाखवले. हार्मोनिकचे अकरा-बारा धरले, तर गणित १९.५ सांगतं. लगवर हात ठेवता येत होता.

वेगळं काय करता आलं असतं

मुळात इमारतींच्या बेरजा पोलरमध्ये साठवायची गरज नव्हती. आडवे-उभे घटक तसेच पुढे नेले असते आणि पोलर रूप फक्त शेवटी दाखवण्यापुरतं काढलं असतं, तर कोनाची चूक दिसण्यापुरती राहिली असती, हिशोबात उतरली नसती. आता शीट तशीच आहे.

जानेवारीत एकाच प्रकारच्या लोडवर तपासणी न करता चार खोटे आकडे घालून पाहायला हवे होते. आता शीटच्या वरच्या पाच ओळी कायमच्या आहेत: (१, १) ला ४५°, (−१, १) ला १३५°, (−१, −१) ला −१३५°, (१, −१) ला −४५°, आणि (०, १) ला ९०°. सूत्राला कुणी हात लावला, की आधी या ओळी पाहायच्या. यांतली (−१, १) एटॅनची चूक पकडते आणि (०, १) घटकांच्या क्रमाची. क्रम उलटला तर तिथे ९० ऐवजी शून्य येतं. दोन्ही घटक शून्य असतील, तर एक्सेलमध्ये एटॅन२ सुद्धा भागाकाराची त्रुटी दाखवतं. पूर्ण संतुलित लोडला तसं दिसलं तर घाबरायचं नाही, शून्य बाणाला दिशाच नसते.

हातातला कॅल्क्युलेटरही कामाचा होता. कॅसिओच्या एफएक्स-९९१ वर 'पोल' हे फंक्शन आहे. त्यात आडवा, मग उभा घटक दिला, की मापांक आणि चरणासकट कोनांक मिळतो, −१८०° ते १८०° मध्ये. मे महिन्यात पहिल्याच दिवशी −२२.११ आणि २७.३० त्यात टाकले असते, तर १२९° दिसलं असतं. फक्त वर 'डी' आहे की 'आर' हे पाहायचं. रेडियनमध्ये असेल तर तोच कोन २.२५ दिसतो. आणि काही पुस्तकं कोनांक ० ते ३६०° मध्ये देतात, त्यामुळे −५१° आणि ३०९° पाहून गोंधळू नये, तो एकच बाण आहे. −५१° आणि १२९° मात्र एक नाहीत.

एक काम बाकी आहे. कूलर आता आरवर आले, पण गिझरही सगळे आरवरच आहेत. थंडीत कूलर बंद आणि गिझर चालू झाले, की जानेवारीचे ४५ अँपिअर पुन्हा दिसणार. गिझरची सर्किटं तिन्ही फेजवर वाटायचं काम दिवाळीनंतरच्या यादीत टाकलं आहे, आणि त्या दिवशी पॅनलचं झाकण उघडून, न्यूट्रलला टाँग टेस्टर लावूनच ते पूर्ण झालं असं धरायचं, असं वायरमनने लिहून घेतलं आहे.